फरशीखालचं बेट

आमच्या बर्फाच्या कारखान्यातल्या थंड खोलीची फरशी वर येऊ लागली, ते साल सत्तावन. मी तिथे मॅनेजर होतो. कारखाना अंधेरीहून वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाडीच्या अंगाला, तिवरं तोडून भराव घातलेल्या जमिनीवर उभा होता. पुढे बर्फाच्या लाद्या पाडायचा हौद, मागे अमोनियाच्या कॉम्प्रेसरचं मशीनघर आणि दोन्हींच्या मध्ये ही खोली. वेसाव्याची, मढची कोळंबी आणि पापलेटं तिथे दगडासारखी गोठवून ठेवायची आणि गिऱ्हाईक येईल तशी बाहेर काढायची. खोली बांधल्यापासून पाच-सहा वर्षं यंत्र अखंड चालू होतं. बाहेर वैशाखातलं ऊन असलं तरी आत तोंडातून वाफ निघायची.

आधी दार अडायला लागलं. बुचाचं जाडजूड दार, उघडताना खाली खरवडायचं. सुताराकडून तळ तासून घेतला. दोन महिन्यांनी पुन्हा अडलं, पुन्हा तासलं. मग माशांच्या ढकलगाड्या गंमत करायला लागल्या. मधोमध उभी केलेली गाडी सोडली की आपोआप भिंतीकडे चालू लागायची. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं, की खोलीच्या मध्यावर फरशीला पोट आलंय.

आमचे मालक चंद्रप्रकाशशेठ. त्यांनी फोर्टातले एक इंजिनिअर आणले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, बाहेरून एक फेरी मारली आणि सांगितलं, "भरावाची जमीन आहे. भिंती खाली बसतायत, म्हणून मध्य उंच दिसतो. वरून जाड काँक्रीट टाका, वजनाने दबेल."

काँक्रीट टाकलं. दिवाळी उलटते न उलटते तोच तेही मधोमध तडकलं, आणि या वेळी भिंतीलगतचा अमोनियाचा नळ वाकला. एके दिवशी दुपारी सांध्यातून फुस्स असा आवाज आला आणि सगळा कारखाना त्या उग्र वासाने भरून गेला. डोळ्यांतून पाणी काढत माणसं रस्त्यावर पळाली. कॉम्प्रेसरवरचे धाकूकाका तेवढे मागे राहिले. ओला पंचा तोंडाला बांधून त्यांनी झडप बंद केली, म्हणून निभावलं.

शेठ धावत आले. मला म्हणाले, "नंदू, पुन्हा हे झालं तर मी खोलीला कुलूप लावणार. कोणाचा जीव गेला तर काय करू मी?"

खोलीला कुलूप म्हणजे निम्मा कारखाना बंद, निम्मी माणसं घरी. मला काही सुचेना. धाकूकाका मालवणकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांना मात्र कारण ठाऊक होतं. "देवाची जागा आसा ही," ते म्हणाले. "राखणदाराक इचारल्याशिवाय तिवरां तोडल्यानी. तो कूस बदलता हा." त्यांनी फरशीच्या त्या फुगवट्यावर नारळ वाढवला, हळदकुंकू वाहिलं. मीही हात जोडले. दुसरं करण्यासारखं माझ्याजवळ काय होतं?

त्याच आठवड्यात उत्तराबाई बर्फ न्यायला आल्या.

उत्तरा देवस्थळी पार्ल्याला राहायच्या आणि कॉलेजात भूगोल शिकवायच्या. दर वर्षी हिवाळ्यात त्यांच्याकडे हिमनद्यांचा धडा यायचा. तेव्हा भुश्यात गुंडाळलेली बर्फाची एक लादी त्या आमच्याकडून न्यायच्या. मुलांसमोर ती लादी रेतीवरून ओढून खाली पडलेले ओरखडे दाखवायच्या. वय तिशीच्या पुढे, अंगाने बारीक, बोलणं झपाझप. लादी बांधून होईपर्यंत त्या धाकूकाकांशी गप्पा मारत उभ्या राहिल्या आणि काकांनी त्यांना राखणदाराची हकीकत सांगून टाकली.

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "राऊळ, मला ती खोली बघता येईल?"

मी त्यांना माझं कांबळं दिलं. आत गेल्यावर त्या दारातच थांबल्या. दिवा लावला तेव्हा फुगवटा नीट दिसला. मधोमध उंच, आणि तिथून चांदणीसारख्या चारी दिशांना गेलेल्या भेगा. बाई पुढे गेल्या आणि चक्क गुडघ्यांवर बसल्या. एका भेगेत बोट घालून पाहिलं. मग कांबळ्यातून हात बाहेर काढून फरशीवर पालथा ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या.

"बाई, हात चिकटेल," मी म्हणालो.

"राऊळ, खाली काय आहे? भराव कसला?"

"वर थोडा मुरूम. खाली खाडीचा चिखल."

"आणि पाणी?"

"भरतीला हातभर खणलं तरी लागतं."

त्या उठल्या. चेहरा असा उजळला होता, की मला क्षणभर रागच आला. इथे माझा कारखाना बुडत होता.

"भिंती खचलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "खालची जमीन वर येतेय. ती गोठलीय, राऊळ. अंधेरीत जमीन गोठलीय!"

मला काही पटलं नाही. पण दुसरं कोणी काही सांगतही नव्हतं. त्यांनी रविवारी घरी बोलावलं आणि मी विमलाला, माझ्या बायकोला, घेऊन पार्ल्याला गेलो.

त्यांच्या आईने चहा आणून ठेवला. बाईंनी टेबलावर फोटो मांडले. विमानातून काढलेले, काळे-करडे, चकचकीत. उत्तर ध्रुवाजवळचं एक बेट, नॉर्वेच्याही पुष्कळ वर. स्पिट्सबर्गेन. ते नाव मला पुढे कित्येक दिवस धड म्हणता येत नव्हतं.

"हा किनारा बघा," त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं. समुद्राच्या काठापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एकामागे एक वाकड्या रेघा होत्या, घाटाच्या पायऱ्यांसारख्या. "यातली प्रत्येक रेघ म्हणजे एकेका काळची पुळण. पूर्वी या बेटावर बर्फाचं केवढं तरी ओझं होतं. ते वितळलं तशी जमीन हळूहळू वर उचलली गेली आणि समुद्र खाली राहिला. आज पाण्यापासून इतक्या उंचावर देवमाशांची हाडं पडलेली सापडतात. तिथे एक झाड उगवत नाही, पण पुळणीवर ओंडके असतात. सैबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेले."

विमला पुढे वाकून बघत होती. "ही चक्रां कोणी मांडल्यानी?" तिने विचारलं.

दुसऱ्या फोटोत सपाट जमिनीवर दगडांची वर्तुळं होती. एकाला एक लागून, शेकडो, रांगोळीतल्यासारखी नीट.

"कोणीच नाही. जमिनीनेच. वर्षानुवर्षं गोठायचं, वितळायचं. गोठताना माती दगडांना उचलते, ढकलते. मोठे दगड बाहेर सरकतात, बारीक माती मध्ये राहते." मग त्यांनी तिसरा फोटो माझ्यासमोर सरकवला. "आणि हे तुमच्यासाठी."

सपाट दरीत एकच टेकडी होती, गोल, उलट्या टोपलीसारखी. माथ्यावर चांदणीसारख्या भेगा.

"या टेकडीच्या पोटात बर्फ आहे," त्या म्हणाल्या. "खालून पाणी येतं, गोठतं आणि वरची जमीन फुगवत नेतं. तुमच्या खोलीतलं अगदी असंच नसेल. पण काम पाण्याचं आणि गारठ्याचंच. लोकांना वाटतं, माती गोठली म्हणजे तिच्यातलं पाणी तेवढं फुगतं. तसं असतं तर तुमची फरशी जेमतेम बोटभर हलली असती. बारीक चिखल गोठायला लागला की खालचं पाणी वर ओढून घेतो, दिव्याची वात तेल ओढते ना, तसा. त्या पाण्याचे निव्वळ बर्फाचे थर होतात, एकाखाली एक. आणि तुमच्या खाडीत पाण्याला काय तोटा?"

मी फोटो हातात घेऊन बसलो. जन्मभर बर्फ विकला, पण बर्फ असलं काही करत असेल हे माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं.

"तुमी थंय किती म्हयने होतात?" विमलाने विचारलं.

बाई फोटो गोळा करायला लागल्या. "मी गेलेच नाही. विलायतेत शिकत होते तेव्हा आमच्या विभागाची तुकडी गेली होती. मीही अर्ज केला होता. बोटीवर बायकांची सोय नाही म्हणाले. तुकडी परत आली, मग त्यांनी आणलेल्या फोटोंवरून आणि मोजमापांवरून मी त्या किनाऱ्यावर प्रबंध लिहिला."

"सोय कसली लागता?" विमला उसळली. "आमच्या वेंगुर्ल्याच्या बोटीत शंभर बायका येतत, शेळये-कोंबडये घेवन!"

बाई खळखळून हसल्या. परत येताना अंधेरीला उतरल्यावर विमला म्हणाली, "जी जागा डोळ्यांनी बघूक नाय, तिचा इतक्या प्रेमान बोलता ती. तू तिचा ऐक."

मी ऐकायचं ठरवलं. सोमवारी गवंड्याला बोलावून पाणसळ लावली, बाईंनी सांगितलं तशी. बाहेरच्या जोत्याची पातळी घेतली, चारी भिंतींची घेतली, मग फरशीची. भिंती जशाच्या तशा होत्या. फरशीचा मध्य वीतभर वर आला होता.

शेठनी इंजिनिअरसाहेबांना पुन्हा बोलावलं आणि बाईंनाही. इंजिनिअर ऐकून घेऊन हसले. "बाई, तुमचं ध्रुवाचं ज्ञान मोठं असेल. पण हे अंधेरी आहे. इथे माणूस जानेवारीत घामाघूम होतो. जमीन गोठेल कशी?"

"तुमची खोली पाच-सहा वर्षं जमिनीतली ऊब शोषतेय," बाई म्हणाल्या. "फरशीखाली बुचाचा थर किती आहे?"

"चार इंच."

"त्याने ऊब हळू जाते. थांबत नाही."

इंजिनिअरनी मान डोलावली नाही. शेठ मध्ये पडले. "मला दोघांचं समजत नाही. फरशी फोडायची म्हणजे खोली रिकामी करायला लागणार. उगाच फोडली तर माझी वाट लागली. बाई, आधी काही दाखवता येईल?"

"येईल," बाई म्हणाल्या. "मला सांडपाण्याचे दोन नळ द्या, चिनी मातीचे. एकात खाडीचा चिखल भरायचा, दुसऱ्यात मढच्या किनाऱ्यावरची जाड वाळू."

मशीनघराच्या ओट्यावर मांडामांड झाली. दोन्ही नळ पाण्याने भरलेल्या वेगवेगळ्या पसरट घमेल्यांत उभे केले, तळाशी कापड बांधून. भोवती लाकडाचा भुसा ठासून भरला. चिखल आतल्या बाजूला धरून बसू नये म्हणून नळांना आतून ग्रीस चोपडलं. वर प्रत्येकी एक पत्र्याचा डबा, त्यात बर्फ आणि मीठ, पॉटमध्ये आइस्क्रीम करताना घालतात तसं. डब्याला एक बांबूची काडी आणि काडीमागे खुणांची पट्टी. चिखल वर आला तर डबा उचलला जाणार आणि काडी चढणार.

बर्फ-मीठ बदलायचं काम धाकूकाकांनी आपण होऊन घेतलं. बाई कॉलेज सुटलं की यायच्या. पहिले दोन-तीन दिवस काही झालं नाही. कामगार येता-जाता बघायचे आणि "बाईंचं आइस्क्रीम झालं का?" म्हणून विचारायचे. बाई त्यांच्याबरोबर हसायच्या आणि खाली बसून घमेल्यातलं पाणी बघायच्या. एकदा त्यांनी मला हाक मारली. "राऊळ, चिखलाच्या घमेल्यातलं पाणी कमी झालंय. वाळूच्या नाही."

"उन्हाने आटलं असेल."

"ऊन दोन्हींवर सारखंच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर ओट्यावर गर्दी. धाकूकाका कोणाला पुढे येऊ देत नव्हते. चिखलावरच्या डब्याची काडी चढली होती. थोडीशीच, पण डोळ्यांना दिसेल इतकी. वाळूवरची हलली नव्हती. आठवडा संपेपर्यंत बर्फाने आणि पाण्याने भरलेला तो जड डबा चिखलाने बोटभर उचलला. शेठ येऊन उकिडवे बसले, काडीकडे बघितलं, मग घमेल्याकडे. त्यांनी डब्यावर हात ठेवून जोर देऊन दाबून पाहिलं. डबा हलला नाही.

"चिखलात एवढी ताकद?" शेठ म्हणाले.

"भिंत उचलेल," बाई म्हणाल्या. "वरून कितीही काँक्रीट टाका."

शेठनी फरशी फोडायला होकार दिला. मासे ससून डॉकच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हलवले. बाईंची एकच अट होती, की यंत्र बंद करायचं नाही. त्या म्हणाल्या, यंत्र एकदम थांबवलं तर खालचा बर्फ एकीकडे आधी विरघळेल, एकीकडे मागाहून, आणि भिंत त्या बाजूला झुकेल. आधी उघडून बघू किती खोल आहे, मग सावकाश वितळवू. इंजिनिअरसाहेबांनाही हे पटलं. फोडायच्या दिवशी ते स्वतः हजर राहिले.

फरशी फोडायला सकाळी सुरुवात झाली. आधी नवं काँक्रीट निघालं, मग जुनं. त्याखाली डांबर आणि बुचाच्या काळ्या पडलेल्या लाद्या. त्या उचलल्यावर करडा मुरूम. सहदेव नावाचा आमचा तगडा गडी होता, त्याने कुदळ उचलून घाव घातला. ठण्ण! कुदळ उडाली आणि त्याच्या हातातून सुटता सुटता राहिली.

"कातळ लागला," तो म्हणाला.

"कातळ नाही," बाई दारातून म्हणाल्या. "हळू. छिन्नी घ्या."

छिन्नी-हातोड्याने तासभर कोरल्यावर एक तुकडा सुटला. सहदेवने तो दोन्ही हातांनी उचलून दिव्याखाली धरला आणि खोलीतले सगळे त्यावर वाकले.

तो चिखलच होता, खाडीचा काळपट चिखल. पण त्यातून आडवे, काचेसारखे स्वच्छ बर्फाचे पट्टे गेले होते. चिखल, बर्फ, पुन्हा चिखल, पुन्हा बर्फ. मढच्या ख्रिस्ती घरांतून नाताळात थरांची गोड बेबिंका येते, तिची वडी कापावी तसे थर. वरचे दोऱ्याइतके, खालचे बोटभर. एका थरात खाडीतल्या तिसरीचा शिंपला अडकला होता, उभा, कडेवर.

इंजिनिअरसाहेब पुढे झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "देवस्थळीबाई," ते म्हणाले, "माझं चुकलं. शिकून इतकी वर्षं झाली, हे कधी पाहिलं नाही."

"मीही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत माणूस उभा राहील एवढा खड्डा झाला. बाई त्यात उतरल्या. माझं कांबळं, धाकूकाकांची लोकरीची कानटोपी, पायांना गोणपाट गुंडाळलेलं. खड्ड्याच्या भिंतीसमोर त्या उभ्या राहिल्या. मी वर काठावर होतो. मला वाटलं, आता त्या काही तरी बोलतील, समजावून सांगतील. त्यांनी तसं काही केलं नाही. भिंतीवर तळहात टेकवला, मग कपाळ. खांदे हलताना दिसले, तेव्हा मी सहदेवला खूण केली आणि आम्ही बाहेर आलो.

थोड्या वेळाने त्यांची हाक आली. "राऊळ! पट्टी आणि मोठा कागद मिळेल का? आणि दिवा आणखी खाली सोडा." आवाज ठणठणीत होता. ओठ निळे पडले होते, पण त्या वर यायला तयार नव्हत्या. प्रत्येक थर त्यांनी मापला, काढला. धाकूकाका दर थोड्या वेळाने चहाचा पेला दोरीने खाली सोडत होते.

मी खाली उतरलो तेव्हा त्यांनी मला थर दाखवले. वरचे बारीक का, खालचे जाड का ते सांगितलं. "सुरुवातीला गारठा भराभर खाली गेला, पाण्याला जमायला वेळच मिळाला नाही. मग तो मंदावला. जिथे थांबला तिथे पाणी निवांत येत राहिलं, म्हणून हे जाड." मी बघत होतो. ती पाच-सहा वर्षं मी त्या फरशीवर उभा राहून मासे मोजले होते आणि माझ्या पायाखाली हे चाललं होतं.

"बेटावरची जमीन अशीच दिसते?" मी विचारलं.

"तिथे ही हजारो वर्षांची असते. डोंगराएवढी खोल. समुद्राच्या लाटा तिचा कडा खातात तेव्हा असे थर उघडे पडतात, उन्हात चमकतात. मग कडा धाडकन कोसळतो." त्या थांबल्या. "असं वाचलंय."

वितळवायला सुरुवात करण्याआधी बाईंना रविवारपर्यंत मुदत हवी होती, मुलांना दाखवायला. बंद खोली, रिकामं चालणारं यंत्र. मला वाटलं शेठ चिडतील. पण शेठ आदल्या दिवशी एकटेच खड्ड्यात उतरून आले होते. म्हणाले, "आणू द्या मुलांना. माझ्या घरच्यांनाही आणतो."

रविवारी मुलं आली, पाठोपाठ त्यांचे आईबाप, पार्ल्यातले दोन म्हातारे प्रोफेसर, वेसाव्याच्या कोळणी, मढचे पाद्री. रांग रस्त्यापर्यंत. माणसं चार-चार करून आत जायची, खड्ड्यात वाकून बघायची आणि गारठून बाहेर यायची. एका कोळणीने शिंपला ओळखला. "आमचीच तिसरी," ती म्हणाली, "पन ही उभी कशी रायली?" बाईंनी तिला सगळं सांगितलं, जितकं मुलांना सांगितलं तितकंच, तितक्याच उत्साहाने. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला. मग धाकूकाका सांगायला लागले, मालवणीत. "पाणी खालसून येता, वातीसारख्या. मगे थर धरता." कोणी राखणदाराचं विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "तो आसाच. पण ह्या काम त्याचा नाय."

मग यंत्राचा जोर थोडा थोडा कमी केला. वितळायला पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वेळ लागला. जमिनीतून खाडीचा कुबट वास यायला लागला, थर भिजवलेल्या पिठासारखे ढिले पडले, पाणी उपसत राहावं लागलं. भिंती जागच्या हलल्या नाहीत. बाई रोज येऊन पातळी बघायच्या. चिखल काढून तिथे मढची जाड वाळू आणि खडी भरली. इंजिनिअरसाहेबांनी बाईंशी बसून नवा आराखडा केला. फरशीखालून आरपार मोठे नळ घातले, तोंडं पूर्व-पश्चिमेला उघडी, म्हणजे वेसाव्याचा वारा जमिनीखालून वाहत राहील आणि तिला गोठू देणार नाही. ती फरशी आजवर केसभरही वर आलेली नाही. पुढे त्या इंजिनिअरसाहेबांनी आणखी दोन ठिकाणी खोल्या बांधल्या. पायाची जमीन दाखवायला दोन्ही वेळा आधी बाईंना नेलं.

बाईंनी खड्ड्याच्या चित्रांसकट एक लेख लिहिला. तो परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. गरम देशात, समुद्रकाठी, फरशीखाली गोठलेल्या जमिनीचे थर इतके नीट कोणी मापून काढले नव्हते म्हणे. एकोणसाठच्या उन्हाळ्यात त्या बेटावर एक तुकडी जाणार होती. त्यांना किनाऱ्यावरच्या जमिनीतला बर्फ मापायला माणूस हवा होता. त्यांनी बाईंना बोलावलं. या वेळी सोयीचं कोणी काही काढलं नाही.

विमलाने त्यांना लोकरीचे पायमोजे विणून दिले. तिला विणता येत नव्हतं. त्यासाठी ती शेजारणीकडून शिकली.

गणपतीच्या सुमाराला बाई परत आल्या. चेहरा वाऱ्याने रापला होता, नाकावरची कातडी सोलवटली होती. पार्ल्याला पोचल्या आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यात. दुपारची जेवणाची सुट्टी होती. सगळे भोवती जमले. शेठही केबिनमधून बाहेर आले.

"सांगा ना," सहदेव म्हणाला. "कसं होतं?"

त्या बोलायला लागल्या आणि थांबल्या. "असं नाही सांगता येत," म्हणाल्या आणि माल चढवायच्या मोठ्या ओट्यावर गेल्या. खडू घेतला आणि पदर खोचून चित्र काढायला लागल्या. आधी समुद्र. मग वाळूचा एक दांडा, समुद्रात हात पसरल्यासारखा, आणि त्याच्या आत अडलेलं शांत पाणी. मग पुळणी, एकीमागे एक, वर चढत गेलेल्या. "या पहिलीवरून मी सकाळी निघाले," त्या म्हणाल्या, "आणि शेवटच्या पुळणीवर पोचले तेव्हा दुपार झाली होती. प्रत्येक पावलाला जमीन जुनी होत जाते. खाली ओल्या गोट्या, वर त्याच गोट्या पण दगडफुलाने माखलेल्या, लाल, काळ्या." मग देवमाशाचा जबडा काढला, अर्धा गोट्यांत रुतलेला. हाडाच्या आडोशाला शेवाळं आणि त्यात नखाएवढी जांभळी फुलं. मग दगडांची वर्तुळं. ती काढताना त्या ओट्यावर रांगत होत्या. "मी एका वर्तुळाच्या मध्ये उभी राहिले. पाय ओल्या मातीत गेला. घोट्यापर्यंत, मग गुडघ्याच्या खाली. आणि मग एकदम थांबला. खाली ती होती, गोठलेली जमीन. घट्ट."

धाकूकाका ओट्याच्या कडेला बसून समुद्राची रेघ कुठे वळते ते बघत होते. विमला आमचा डबा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

चित्र ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. तेवढ्यात वेसाव्याचा ट्रक माल घेऊन आला आणि पाठमोरा ओट्याला लागायला लागला. सहदेव धावत गेला, हात आडवे करून.

"अरे थांब! तिकडे बेट आहे!"

ड्रायव्हरने खाली उतरून बघितलं. शेठनी आमच्याकडे बघितलं, मग चित्राकडे.

"ट्रक मागच्या दाराला घे," शेठ म्हणाले. "आज माल तिकडून उतरेल."